बुकित द्वीपकल्पावर मुक्काम कुठे करावा? एका कुटुंबाच्या निर्णयाचा अभ्यास

बाली बेटाच्या दक्षिण टोकाला बुकित नावाचे चुनखडीचे द्वीपकल्प आहे. एका चिंचोळ्या पट्टीने ते मूळ बेटाला जोडलेले असून विमानतळही त्याच पट्टीवर आहे. पट्टी ओलांडून दक्षिणेकडे निघाले की जमीन चढत जाते आणि सुमारे 200 मीटर उंचीचे कोरडे पठार लागते. हे पठार पश्चिमेला व दक्षिणेला उंच कड्यांनी समुद्रात तुटते, तर ईशान्येला उतरत उतरत सपाट वाळूला मिळते. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर मात्र हा सगळा प्रदेश ‘दक्षिण बाली’ म्हणून एकत्र दाखवला जातो, नकाशावर सगळे जवळजवळ दिसते आणि प्रत्येक छायाचित्रात तोच निळा समुद्र असतो. या एकसारखेपणामुळे एका कुटुंबाची निवड चुकीच्या दिशेने निघाली होती. ती कशी वळली आणि शेवटी कुठे स्थिरावली, याची ही नोंद आहे.

कुटुंब माझ्या मावशीचे. मावशी बहात्तर वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट जमिनीवर ती अर्धा तास चालते, पण वीसपंचवीस पायऱ्या उतरायच्या म्हटले की तिला धास्ती वाटते. काका पंचाहत्तरीचे, काटेकोर शाकाहारी, आणि पहाटे फिरायला गेल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्यांच्यासोबत मावसभाऊ, वहिनी, नऊ वर्षांची पुतणी आणि वहिनीचा कॉलेजात शिकणारा भाचा, अशी सहा माणसे आणि सहा रात्री. पुतणी पाण्यात तासन्‌तास रमते, पण तिला पोहणे जेमतेम येते; भाच्याला लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायला शिकायचे होते. पैशाची मर्यादा होती, पण ती इतकी आवळलेली नव्हती की सर्वांत स्वस्त पर्यायच घ्यावा लागावा.

सुरुवातीला त्यांनी पाडव्याच्या सुट्टीचे दिवस धरले होते. ते बदलावे लागले आणि त्याचे कारण मराठी वाचकाला जवळचे आहे. बालीतले हिंदू शकवर्ष पाळतात आणि त्यांच्या नववर्षाचा दिवस, म्हणजे न्येपी, बहुतेक वर्षी आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा एखादा दिवस मागेपुढे येतो. 2026 मध्ये तर दोन्ही 19 मार्चलाच, शके 1948 च्या आरंभी. आपण त्या दिवशी गुढी उभारून घराबाहेर पडतो, तर बाली त्या दिवशी पूर्ण मौन पाळते: विमानतळ चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर वाहन नाही, किनाऱ्यावर माणूस नाही, रात्री दिवे मंद आणि पर्यटकांनीही मुक्कामाच्या आवाराबाहेर पाऊल ठेवायचे नाही. ज्याला हे अनुभवायचे आहे त्याने मुद्दाम जावे; माझ्या मते तो फार सुंदर दिवस आहे. मात्र त्यासाठी आवार मोठे, झाडांचे आणि आत जेवणाची सोय असलेले हवे. शिवाय मार्चमध्ये पावसाळा संपलेला नसतो आणि पश्चिमेच्या किनाऱ्यांवर वाऱ्याबरोबर समुद्रातला कचरा येऊन पडतो. मुलीच्या शाळेच्या सुट्टीचाही विचार करून प्रवास मेमध्ये ढकलला, जेव्हा तिथे कोरडा हंगाम सुरू झालेला असतो.

पहिली निवड आणि तिच्यातील दोष

मावसभावाने पहिल्यांदा निवडला तो पठारावर, उंगासान आणि पेचातू यांच्यामधला चार खोल्यांचा स्वतंत्र बंगला. स्वतःचा तरणतलाव, मोठे स्वयंपाकघर, गच्चीवरून समुद्र, आणि सहा माणसांत भाडे वाटले तर हॉटेलच्या जवळपास निम्म्या खर्चात काम होत होते. कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. त्याने दुवा पाठवला तेव्हा मी त्याला एवढेच विचारले की सकाळी साडेसहाला काका आणि दुपारी चार वाजता मावशी या घरातून कुठे जातील. त्याच्याकडे उत्तर नव्हते, कारण हा प्रश्न त्याने घराला विचारलाच नव्हता.

पठारावरच्या घरातून समुद्र दिसतो, पण समुद्रापर्यंत जाता येईलच असे नाही. या भागातले रस्ते मुळात गावांचे व शेतांचे अरुंद रस्ते आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या दोन्ही बाजूंना बंगले उभे राहिले, पण पादचाऱ्यांसाठी कडेची वाट बहुतेक ठिकाणी झालेली नाही. पहाटे चालायला निघालेल्या वृद्ध माणसाला दुचाकींच्या कडेने चालावे लागते. किनारा गाठायचा तर प्रत्येक वेळी गाडी बोलवायची. बालीत ॲपवरून गाडी सहज मिळते खरी, पण बुकितच्या अनेक किनाऱ्यांवर स्थानिक चालकांच्या संघटना ॲपच्या गाड्यांना प्रवासी उचलू देत नाहीत. परिणामी जाताना एक भाडे आणि येताना दुसरेच, असा प्रकार होतो.

त्याहून मोठी अडचण कड्यांची. पश्चिम बाजूचे नावाजलेले किनारे, बिंगिन, पादांग पादांग, सुलुबान, हे सर्व कड्याच्या पायथ्याशी आहेत. पादांग पादांगला खडकातल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरतात, बिंगिनला उंचसखल पायऱ्यांची लांब रांग आहे आणि सुलुबानला शेवटी गुहेतून पाण्याकडे जावे लागते. भाच्याला यातले काहीही सोसले असते. मावशीने मात्र वरच्या चहाच्या दुकानात बसून इतरांची वाट पाहिली असती, आणि ती एक दिवस नव्हे, सहाही दिवस. फोनवर ती मला म्हणाली, “अरे, समुद्र मी फोटोत पुष्कळ पाहिलाय. मला तो पायाला लागला पाहिजे.” या एका वाक्याने पठारावरचा बंगला माझ्या यादीतून उतरला.

त्या बंगल्याबद्दल आणखी दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. चुनखडीच्या दगडात पावसाचे पाणी टिकत नाही, ते झिरपून खाली जाते. म्हणून बुकित पूर्वीपासून पाण्याच्या टंचाईचा मुलूख आहे आणि आजही तिथल्या अनेक बंगल्यांना टँकरचा आधार घ्यावा लागतो. सहा माणसे, रोजची आंघोळ, धुणे आणि वर तरणतलाव, एवढे पाणी कोठून येते हे बंगला घेण्याआधी विचारायला हवे. उत्तर समाधानकारक मिळाले तरी ते पाणी गावाच्या वाट्याचे आहे का, हा प्रश्न मनात ठेवायला हवा. दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. काका शाकाहारी आहेत म्हणून स्वयंपाकघर असणे ही सोय मानली जात होती. ती सोय कोणाच्या जिवावर, हे कोणीच बोलत नव्हते. सुट्टीतही वहिनीच ओट्यापाशी उभी राहणार, हे मी मावसभावाला स्पष्ट सांगितले आणि ते त्याला पटले.

उरलेले तीन पर्याय

पठार सोडल्यावर वाळूच्या पातळीवरच्या तीन जागा उरतात: विमानतळाच्या चिंचोळ्या पट्टीजवळ पश्चिमेला जिंबारान, पूर्वेला नुसा दुआ आणि नुसा दुआच्या उत्तरेला समुद्रात घुसलेली तांजुंग बेनोआची चिंचोळी वाळूची जीभ.

तांजुंग बेनोआचा निकाल लवकर लागला. तिथले पाणी शांत आणि उथळ आहे, मुक्कामाचे दर नुसा दुआपेक्षा कमी आहेत, पण दिवसभर त्या पाण्यात मोटरबोटी, पाण्यावरच्या स्कूटर आणि दोराला बांधलेली हवाई छत्रे यांची वर्दळ असते. एक सकाळ घालवायला ती जागा ठीक. नऊ वर्षांच्या मुलीला रोज मोकळे डुंबायला नव्हे. तिथून होडीने कासवे दाखवायला नेतात, त्या सहलीत बंदिस्त कासवे हाताळायला देतात. मुलीला तिकडे नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगितले.

जिंबारान मला स्वतःला प्रिय आहे. चंद्रकोरीसारखा लांब, सपाट उपसागर, पायऱ्या नाहीत, समोर सूर्यास्त आणि विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. उत्तर टोकाला केदोंगानानचा मासळीबाजार आहे. संध्याकाळी वाळूवर टेबले मांडली जातात आणि नारळाच्या करवंटीच्या निखाऱ्यावर मासे भाजले जातात. मासे खाणाऱ्या कुटुंबाला यापेक्षा चांगले ठिकाण सांगता येणार नाही. काकांसाठी मात्र रोज संध्याकाळी तो धूर आणि तो वास म्हणजे शिक्षा झाली असती. शिवाय मे ते सप्टेंबर या काळात हिंदी महासागराच्या दक्षिणेकडून उठलेल्या लांब लाटा पश्चिम किनाऱ्यावर येतात. जिंबारानच्या उपसागरात त्यांचा जोर कमी होतो, पण पूर्ण जात नाही, आणि जेमतेम पोहणाऱ्या मुलीवर तिथे सतत नजर ठेवावी लागते.

राहिले नुसा दुआ, ज्याबद्दल मावसभावाच्या मनात अढी होती. “तिथे बाली कुठे आहे? सगळे आखीव,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे चूक नव्हते. नुसा दुआ हा सरकारने मुद्दाम वसवलेला पर्यटनाचा परिसर आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच सल्लागारांनी बालीच्या पर्यटनाचा आराखडा केला. मोठी हॉटेले दाट शेतीच्या व वस्तीच्या भागात न पसरता एका कोरड्या, कमी सुपीक कोपऱ्यात असावीत, असा त्यामागचा विचार होता. 1973 मध्ये त्यासाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि 1983 मध्ये पहिले मोठे हॉटेल सुरू झाले. आज सुमारे 350 हेक्टरांच्या या परिसराला प्रवेशद्वारे व पहारे आहेत, सांडपाणी शुद्ध करून ते हिरवळीला देण्याची व्यवस्था आहे आणि नोव्हेंबर 2022 मध्ये जी-20 गटाची शिखर परिषदही नुसा दुआतच भरली होती. गावाचे अकृत्रिम जगणे इथे शोधू नये. परंतु ज्या आखीवपणाला मावसभाऊ नाके मुरडत होता, त्यातच त्याच्या आईवडिलांची गरज भागत होती: हॉटेलांच्या समोरून समुद्राला धरून जाणारी फरसबंद, सपाट, वाहनविरहित वाट, मधूनमधून सावली आणि वाळूपर्यंत बिनपायऱ्यांची उतरण. किनारा पूर्वेकडे असल्यामुळे काकांना फिरताना सूर्योदय मिळणार होता. आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर असलेली प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच मोडते, म्हणून आतले पाणी पुतणीला योग्य होते.

त्या प्रवाळाचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तक्रारी तिथूनच येतात. ओहोटीला हे आतले पाणी इतके उथळ होते की पोहता येत नाही, तळाशी पाणवनस्पती आणि दगड उघडे पडतात आणि पायाला लागतात. कोकणात वाढलेल्या माणसाला हे नवे नाही: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच दूर ओसरते, अष्टमीच्या भांगाला दोन्हींतला फरक कमी असतो. मी त्यांना त्या आठवड्याचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक काढून दिले आणि सहलींचे तास ओहोटीच्या वेळी, डुंबण्याचे तास भरतीच्या वेळी, अशी दिवसाची मांडणी करायला सांगितले. याच महिन्यांत आग्नेयेकडून वारा वाहतो आणि तो पूर्व किनाऱ्यावर थेट येतो. दुपारी पाणी खवळल्यासारखे दिसते आणि आजीबाईंना गार वाटते, म्हणून एक शालही सामानात घालायला सांगितली.

परिसर ठरला तरी हॉटेल ठरत नाही

‘नुसा दुआ’ हे नाव पत्त्यात लिहिणारी सगळी हॉटेले त्या आखीव परिसरात नसतात. दक्षिणेला सावांगानच्या कड्यांवरची हॉटेले, आतल्या बाजूच्या टेकडीवरची निवासस्थाने आणि तांजुंग बेनोआतलीही काही हॉटेले हेच नाव लावतात. कड्यावरच्या हॉटेलात स्वागतकक्ष वर आणि किनारा खाली असतो. मधे उद्‌वाहक असला तरी तो बंद पडल्यास किंवा रांग असल्यास गुडघ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून नकाशावर हॉटेलचा नेमका ठिपका पाहूनच पुढे जायचे ठरले.

आणखी एक बाब मला फार उशिरा लक्षात येणारी वाटते. बालीत इमारतींची उंची साधारण 15 मीटरपर्यंत, म्हणजे नारळाच्या झाडाएवढी ठेवण्याचा नियम आहे. सानूर येथे 1966 मध्ये दहा मजली हॉटेल उभे राहिले आणि त्यानंतर अशा उंच इमारतींना आळा घातला गेला. नियम उत्तम आहे, त्यामुळे बालीचे क्षितिज वाचले. पण मोठे हॉटेल उंच जाऊ शकत नाही तेव्हा ते आडवे पसरते, आणि खोलीपासून न्याहारीच्या जागेपर्यंत किंवा वाळूपर्यंत चारपाचशे पावले सहज पडतात. त्यामुळे समुद्र दिसणारी महागडी खोली घेण्याऐवजी, समुद्राच्या बाजूच्या इमारतीत तळमजल्यावरची किंवा उद्‌वाहकाजवळची साधी खोली मागायचे ठरले. तशी ईमेलने विनंती केली आणि हॉटेलने ती लेखी मान्य केली.

दरांबाबत मावसभावाची थोडी फसगत होणार होती. तिथे अनेक दरांच्या पुढे अधिकची दोन चिन्हे छापलेली असतात; त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर मिळून साधारण 21 टक्के वेगळे. बंगल्याचा दर करांसह आणि हॉटेलचा करांशिवाय धरून तुलना केली की सगळे गणित चुकते. त्यात विमानतळावरच्या व्हिसाचे प्रत्येकी 5 लाख रुपिया आणि फेब्रुवारी 2024 पासून लागू झालेल्या पर्यटन शुल्काचे प्रत्येकी दीड लाख रुपिया मिळवावे लागतात. ही रक्कम कुठेही राहिले तरी तेवढीच, पण सहा माणसांची ती 39 लाख रुपिया होते, हे आधी माहीत असलेले बरे.

जेवणाचा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. भारतीय लग्ने व परिषदा नुसा दुआत इतक्या होतात की मोठ्या हॉटेलांना शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बाहेर खाताना मात्र सावध राहावे लागते, कारण टोफू, टेंपे आणि भाज्यांच्या साध्या थाळीतल्या तिखटातही ‘तेरासी’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, घातलेला असतो. काकांच्या खिशात “तान्पा तेरासी, तान्पा इकान”, तेरासी नको, मासे नकोत, अशी चिठ्ठी लिहून ठेवली.

शेवटचा निर्णय असा झाला: पाच रात्री नुसा दुआच्या आखीव परिसरात, समुद्राच्या बाजूला, आणि शेवटची रात्र जिंबारानला, कारण परतीचे विमान भल्या पहाटेचे होते. एवढ्या छोट्या प्रवासात मुक्काम बदलणे मला एरवी पटत नाही. सामान बांधण्यात अर्धा दिवस जातो. पण पूर्व किनाऱ्यावर सूर्यास्त समुद्रात होत नाही, वहिनीला तो एकदा तरी पाहायचा होता, आणि भाच्याला फळीचा पहिला धडा घ्यायला जिंबारानच्या सौम्य लाटा योग्य होत्या.

प्रत्यक्षात काय घडले

काकांचे आणि मावशीचे दिवस ठरल्याप्रमाणे गेले. काका रोज उजाडताना समुद्राकडेच्या वाटेने चालून येत आणि मावशी न्याहारीनंतर पाण्याच्या कडेला खुर्ची टाकून पाय भिजवत बसे. तिसऱ्या दिवसापासून पुतणीने भरतीचे वेळापत्रक स्वतःकडे घेतले आणि ओहोटीला सगळ्यांना बाहेर पडायला लावू लागली.

दक्षिणेच्या कड्यांवरचे दोन किनारे मी मुद्दाम सुचवले होते, कारण ते अपवाद आहेत: पांडवा आणि मेलास्ती येथे चुनखडीचा कडा कापून रस्ता थेट वाळूपर्यंत नेला आहे. पांडवाच्या वाटेवर कड्यातल्या कोनाड्यांत कुंती आणि पाच पांडवांच्या मोठ्या मूर्ती आहेत. काकांनी तिथे गाडी थांबवून नातीला प्रत्येकाची ओळख करून दिली. पर्यटन येण्याआधी पांडवा किनाऱ्यावरचे गाव समुद्रशेवाळाच्या शेतीवर जगत असे.

उलुवातूची संध्याकाळ अवघड गेली. सुमारे 70 मीटर उंच कड्यावरचे ते मंदिर आणि सूर्यास्ताच्या वेळचे केचाक नृत्य पाहण्यासारखेच आहे, पण प्रेक्षागृहाच्या पायऱ्या मावशीला जड गेल्या आणि कार्यक्रम संपल्यावर सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर आल्यामुळे परतायला जातानाच्या दुप्पट वेळ लागला. माकडे चष्मे पळवतात म्हणून काकांनी चष्मा आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे नृत्य त्यांना धूसरच दिसले. त्या संध्याकाळी मावशी आणि काकांना हॉटेलातच ठेवून इतर चौघांनी जावे, असे मी सुचवायला हवे होते की नाही, याबद्दल घरात अजून दोन मते आहेत; मावशीचे मत ती गेली हेच बरे झाले, असे आहे. बेटाच्या आतल्या भागातल्या उबुद गावाचा बेत मात्र त्यांनी रद्द केला. द्वीपकल्पाबाहेर जायला चिंचोळ्या पट्टीवरचा महामार्ग आणि 2013 मध्ये समुद्रावरून बांधलेला 12.7 किलोमीटरचा टोलरस्ता याच मुख्य वाटा आहेत, आणि पुढे उबुदपर्यंत जाऊन येण्यात दिवस संपतो. ज्यांचे अर्धे बेत उत्तरेकडचे आहेत त्यांनी मुळात बुकितवर सगळ्या रात्री काढू नयेत.

नुसा दुआच्या आतले जेवण महाग पडले, ही वहिनीची तक्रार खरी आहे. दुसऱ्या दिवसापासून ते प्रवेशद्वाराबाहेरच्या बुआलू गावात जाऊन रात्रीचे जेवू लागले आणि मावसभावाला हवी असलेली बाली थोडीफार तिथेच भेटली.

भाच्याला पुढच्या वर्षी मित्रांबरोबर पुन्हा जायचे आहे आणि त्याच्यासाठी हीच तपासणी उलट उत्तर देते: पेचातूच्या आसपासचे साधे अतिथीगृह, पायऱ्या आणि पहाटेच्या लाटा. त्याला मी वेगळाच प्रश्न विचारायला सांगितला आहे. बिंगिनच्या कड्यावर परवानगीविना उभी राहिलेली बांधकामे सरकारने 2025 मध्ये पाडायला घेतली. त्यामुळे कड्याच्या अंगावरची कोणतीही खोली आरक्षित करण्यापूर्वी तिथे आजघडीला इमारत उभी आहे का आणि तिच्याकडे परवाना आहे का, हे मालकाकडून लेखी घ्यावे आणि आगाऊ रक्कम त्यानंतरच पाठवावी.